ऑटोकॅड इलेक्ट्रिकलमध्ये वायरच्या रेषा क्लीन कशा करायच्या, अगदी पहिल्यापासून

ड्रॉइंग सेक्शनला नवीन लागलं की हमखास होतं ते असं, सीनियर एक जुनी डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची ड्रॉइंग फाइल) पाठवतात, "जरा वायरी क्लीन करून दे" एवढं बोलतात आणि आपल्या कामाला लागतात. आता क्लीन म्हणजे नक्की काय हे कुणी सांगत नाही, मग डिप्लोमा नाहीतर आयटीआय करून आलेली पोरं रेषा सरळ करत बसतात, इकडची तिकडे, तिकडची इकडे, झूम आउट केल्यावर शीट छान दिसली की सेव्ह. आणि मग वायर नंबर टाकायची वेळ आली की सगळं भांडं फुटतं.

खाली जे आहे ते सगळं ऑटोकॅड इलेक्ट्रिकल, म्हणजे ऑटोकॅडचीच इलेक्ट्रिकल सर्किटच्या ड्रॉइंगसाठीची आवृत्ती, धरून लिहिलंय. तुमच्याकडे २०१९ किंवा त्यानंतरचं ऑटोकॅड सबस्क्रिप्शन असेल आणि त्यात टूलसेट येत असतील तर इलेक्ट्रिकल त्यातच मिळतं, वेगळं घ्यावं लागत नाही, फक्त इन्स्टॉल करावं लागतं.

आधी हे डोक्यात बसवा, मग माउसला हात लावा

साध्या ऑटोकॅडमध्ये रेष म्हणजे नुसती रेष. इथे तसं नाही. इथे वायर लेअरवर असलेली रेष म्हणजे वायर, आणि दोन वायरची टोकं एकमेकांना टेकली किंवा एकीचं टोक दुसरीच्या अंगावर टेकलं की सॉफ्टवेअर त्यांना एकच नेटवर्क धरतं. एका नेटवर्कला एक नंबर. बस, सगळा खेळ एवढाच आहे. त्यामुळे क्लीन करणं म्हणजे शीट देखणी करणं नव्हे, जे कागदावर जोडलेलं दिसतंय ते सॉफ्टवेअरलाही जोडलेलं दिसलं पाहिजे आणि जे सुटं आहे ते सुटं. देखणेपणा त्याच्या मागून आपोआप येतो, उलटं होत नाही.

एक उदाहरण घेऊ, सगळ्यांच्या ओळखीचं, डीओएल स्टार्टरचं (मोटर थेट सप्लायवर सुरू करणारा, डायरेक्ट ऑन लाइन) कंट्रोल. एमसीबीतून निघालो, ओव्हरलोड रिलेच्या ९५-९६ टर्मिनलमधून गेलो, स्टॉप बटणाच्या २१-२२ मधून गेलो, मग स्टार्टचं १३-१४ आणि त्याला पॅरलल कॉन्टॅक्टरचा होल्डिंग कॉन्टॅक्ट १३-१४, आणि पुढे कॉइलचं ए१. समजा स्टॉपच्या २२ पासून स्टार्टच्या १३ पर्यंतची वायर १०३ नंबर आणि स्टार्टच्या १४ पासून कॉइलपर्यंतची १०४. होल्डिंगच्या १४ वरून निघालेली उभी रेष वर १०४ ला जाऊन टेकायला हवी. ती टेकायच्या जरा आधी थांबली, मिलिमीटर दोन मिलिमीटर, ए३ प्रिंटवर कुणाच्या लक्षातही येणार नाही. सॉफ्टवेअरच्या लेखी मात्र ती वेगळी वायर झाली, तिला मिळाला १०५. फ्रॉम-टू रिपोर्टमध्ये (कुठली वायर कुठून कुठे जाते ती यादी) १०५ ला एकच टोक, वायरमनने फेरूल (वायर नंबराची छोटी नळी) घातला आणि वायर तशीच ठेवली, किंवा लावलीच नाही. पॅनल टेस्टिंगला आला, स्टार्ट दाबलं की कॉन्टॅक्टर ओढतोय, बोट काढलं की सुटतोय. मग सगळे कॉन्टॅक्टर बदलून बघतात.

याच्या उलटं जास्त वाईट. स्टार्ट बटणाच्या सिम्बॉलच्या खाली एक जुनी अखंड रेष लपून राहिलीये, जी डाव्या वायरलाही टेकते आणि उजव्या वायरलाही. आता १०३ आणि १०४ एकच नेटवर्क, दोन्हीकडे एकच नंबर. म्हणजे रिपोर्ट सांगतोय की १३ आणि १४ ला लूप मार. रिपोर्टवर डोळे मिटून वायरिंग केलं तर सप्लाय दिल्या दिल्या मोटर सुरू, बटणाला हात न लावता. हे फक्त आळशीपणे काढलेल्या एका रेषेमुळे, म्हणून सांगतोय की हे काम ज्युनियरला दिलं जातं तरी हलकं नाहीये.

सुरुवात करायच्या आधीची तयारी

मूळ फाइलवर काम करू नका, प्रोजेक्टचा फोल्डर अख्खा कॉपी करून ठेवा, कारण इथे एक डीडब्ल्यूजी एकटी नसते, तिच्यामागे डब्ल्यूडीपी, म्हणजे प्रोजेक्टची फाइल असते, बाकीच्या शीट असतात, एका शीटवरून दुसऱ्या शीटवर जाणारे सोर्स-डेस्टिनेशनचे बाण असतात. नुसती एक शीट डेस्कटॉपवर आणून तिच्यावर प्रयोग केले की क्रॉस रेफरन्स सगळे लटकतात.

फाइल उघडल्यावर आधी कमांड लाइनवर ऑडिट मारा, साधं ऑटोकॅडचं, एरर दुरुस्त करायला होय म्हणा. हे ड्रॉइंगच्या डेटाबेसमधली मोडतोड दुरुस्त करतं, वायरशी याचा थेट संबंध नाही पण खराब फाइलवर पुढचं काम करण्यात अर्थ नसतो.

आणि एक सवय लावून घ्या, प्रत्येक मोठी पायरी सुरू करायच्या आधी अंडू कमांड देऊन त्यात मार्क करायचं. पायरी बिघडली की अंडू आणि बॅक, सरळ त्या खुणेपर्यंत मागे. कंट्रोल झेड शंभर वेळा दाबत बसण्यापेक्षा बरं.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारून घ्या, पॅनल बनलाय का? पॅनल आधीच वायर झालेला असेल, साइटवर लागलेला असेल आणि तुम्ही फक्त ॲज-बिल्ट (प्रत्यक्षात जसं बनलं तसं दाखवणारं) ड्रॉइंग साफ करताय, तर तिथल्या वायरींवर फेरूल चढलेले आहेत. तुम्ही रेषा नीट करून सगळे नंबर नव्याने टाकले तर कागदावर १०४ आणि पॅनलमध्ये १०७ अशी अवस्था होईल आणि रात्री दोन वाजता ब्रेकडाउनला उभा असलेला मेंटेनन्सवाला तुमच्या नावाने खडे फोडेल. अशा वेळी आधी वायर नंबर एडिटच्या टूलमधून सगळे नंबर फिक्स करून घ्या, म्हणजे पुन्हा नंबरिंग चालवलं तरी ते हलत नाहीत. पॅनल अजून बनायचा असेल तर मात्र सरळ नंबर काढून टाका, रेषा क्लीन करा आणि मग नव्याने टाका, ते सोपं पडतं.

पायरी १: ही रेष वायर आहे का, ते बघा

कुठलीही एक रेष उचला आणि लिस्ट कमांड द्या, किंवा प्रॉपर्टीज पॅलेट उघडा. दोन गोष्टी बघायच्या. एक, ती लाइन आहे का पॉलीलाइन. दोन, ती कुठल्या लेअरवर आहे.

इथली वायर म्हणजे लाइनच असावी लागते. पॉलीलाइन दिसायला सेम, पण सॉफ्टवेअर तिला वायर म्हणून मोजत नाही. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या किंवा साध्या ऑटोकॅडवाल्याने काढलेल्या फाइलीत सगळ्या वायरी पॉलीलाइनच्या असतात, हा फार कॉमन प्रकार. क्विक सिलेक्टने फक्त पॉलीलाइन निवडा, बॉर्डर आणि टायटल ब्लॉकच्या चौकटी त्यातून वगळा, आणि एक्सप्लोड करा. पण लक्षात ठेवा, एक्सप्लोड फक्त वायरच्या पॉलीलाइनला. कंट्रोल ए दाबून सगळंच एक्सप्लोड करायचं नाही, सिम्बॉल हे ॲट्रिब्यूटवाले ब्लॉक असतात, ते फुटले की टॅग, टर्मिनल नंबर, कॅटलॉग सगळी माहिती गेली, उरतं ते नुसतं चित्र. हे एकदा सेव्ह होऊन बंद झालं की परत येत नाही.

आता लेअर. ड्रॉइंगमध्ये डब्ल्यूडी अंडरस्कोर एम नावाचा एक न दिसणारा ब्लॉक असतो, त्यात या शीटची सगळी सेटिंग लिहिलेली असतात, कुठले लेअर वायरचे हेसुद्धा. तो नसेल तर सॉफ्टवेअर स्वतःच विचारतं की टाकू का, तेव्हा होय म्हणा. रेष लेअर झीरोवर किंवा कुणीतरी हौसेने बनवलेल्या लाल-वायर-नवीन अशा लेअरवर पडली असेल तर चेंज-कन्व्हर्ट वायर टाइप उघडा, खाली लाइनचं वायरमध्ये रूपांतर करायचा टिकमार्क आहे तो चालू ठेवा, हवा तो टाइप निवडा आणि रेषा सिलेक्ट करा. नुसतं लेअर ड्रॉपडाउनमधून बदललं तरी बऱ्याचदा चालतं, पण या टूलने केलेलं बरं, कारण यात अख्खं नेटवर्क एका झटक्यात बदलता येतं.

टाइपवरून आठवलं, टाइपची नावं आत्ताच नीट ठरवा. रंग आणि साइज दोन्ही नावात आले पाहिजेत. आयईसी ६०२०४-१ धरून काम असेल तर पॉवर काळी, एसी कंट्रोल लाल, डीसी कंट्रोल निळी, न्यूट्रल फिकट निळी, अर्थ हिरवी-पिवळी, आणि मेन स्विच बंद केला तरी जी जिवंत राहते ती बाहेरच्या सप्लायची इंटरलॉक वायर नारिंगी. कस्टमरचं स्पेसिफिकेशन वेगळं असलं तर तेच फायनल, पण जे काही असेल ते लेअरमध्ये उतरलं पाहिजे, कारण वायरमनकडे जाणाऱ्या रिपोर्टमध्ये रंग आणि साइज तिथूनच येतात.

पायरी २: झेड शून्य करा

ही पायरी कुणीच सांगत नाही आणि अर्धी डोकेदुखी इथेच असते. दोन रेषा वरून बघितल्या तर अगदी टोकाला टोक, झूम करा, अजून झूम करा, एंडपॉइंट स्नॅप बरोबर पकडतोय, तरी फिलेट होत नाही, ट्रिम विचित्र वागतं, नंबर वेगवेगळे येतात. कारण एक रेष जमिनीवर आहे आणि दुसरी हवेत, तिचा झेड काहीतरी ०.७ नाहीतर १२५ वगैरे. मेकॅनिकलच्या थ्रीडी फाइलीतून कॉपी-पेस्ट झालेल्या शीटमध्ये हे हमखास सापडतं.

उपाय सोपा आहे, क्विक सिलेक्टने सगळ्या लाइन निवडा, प्रॉपर्टीजमध्ये स्टार्ट झेड आणि एंड झेड बघा, तिथे व्हेरीज असं दिसलं तर समजा काहीतरी वर-खाली आहे, दोन्हीत ० टाका, एंटर. एक्सप्रेस टूल्समधलं फ्लॅटन बरेच जण सुचवतात, पण मी स्वतः या शीटवर ते वापरत नाही, ते ब्लॉकलाही हात लावतं आणि आपल्याला सिम्बॉलना धक्का लावायचा नाहीये.

पायरी ३: डबल रेषा काढा

आता ओव्हरकिल. नाव भयानक आहे, काम चांगलं करतं, एकावर एक पडलेल्या रेषा काढून टाकतं. पण आधी लेआयसो कमांडने फक्त वायरचे लेअर चालू ठेवा, बाकी सगळं बंद, आणि मगच सिलेक्ट करा. डायलॉगमध्ये टॉलरन्स खूप लहान ठेवा, मोठा ठेवलात तर जवळजवळ असलेल्या दोन खऱ्या वेगळ्या वायरींतली एक गायब होईल आणि तुम्हाला कळणारही नाही. आणि प्रॉपर्टी इग्नोर करायची जी यादी असते त्यात लेअरवर टिक करू नका. एकावर एक पडलेल्या दोन रेषा वेगवेगळ्या लेअरवर असतील तर त्यातली खरी कुठली हे ओव्हरकिलने ठरवायचं नाही, ते सर्किट वाचून तुम्ही ठरवायचं.

एका ओळीत थोड्या एकमेकांवर चढलेल्या रेषा जोडायचा आणि टोकाला टोक असलेल्या जोडायचा, असे दोन पर्याय आहेत. दोन्ही चालू ठेवायला हरकत नाही, तुकड्या-तुकड्यांची वायर एकसंध होते. पण चालवल्यावर सिम्बॉलचे लेअर परत चालू करून प्रत्येक कॉन्टॅक्टच्या आतून नजर फिरवा. वर जे स्टार्ट बटणाचं सांगितलं ते इथेच पकडायचं असतं, सिम्बॉलच्या मधून रेष आरपार गेलेली दिसली की थांबायचं. आणि एक गंमत, बटणाखाली लपलेली अखंड रेष आणि तिच्यावरचे दोन तुकडे असं असेल तर ओव्हरकिल तुकडे खातं आणि अखंड रेष ठेवतं, म्हणजे चूक जाते कुठे, ती उघडी पडते. अशा जागी सिम्बॉलच्या दोन्ही कनेक्शन पॉइंटच्या मधला भाग ट्रिम करून टाकायचा.

पायरी ४: कचरा झाडा

झीरो लेंग्थच्या रेषा, म्हणजे सुरुवात आणि शेवट एकाच बिंदूवर. डोळ्यांना दिसत नाहीत पण असतात. रिपोर्ट्सच्या टॅबमध्ये ड्रॉइंग ऑडिट आहे, त्यात झीरो लेंग्थ वायर, तुटलेले गॅप पॉइंटर (क्रॉसिंगवरच्या गॅपच्या नोंदी, पायरी ६ बघा), कुठल्याच वायरला न चिकटलेले तरंगते नंबर आणि बोगस नंबर हे चारही तपासता येतात. चारही टिक करा, चालवा, झालं. पाच मिनिटांचं काम आहे, यावर जास्त बोलायला काही नाही.

पायरी ५: तुटलेलं जोडा, वाढलेलं कापा

हे खरं हाताचं काम. एका कोपऱ्यातून सुरू करा आणि लॅडरच्या (शिडीसारख्या मांडलेल्या सर्किटच्या) एकेका ओळीवरून डावीकडून उजवीकडे जा, जिथे डोळा गेला तिथे दुरुस्त करत उड्या मारल्या तर अर्धं राहून जातं.

ऑर्थो चालू, म्हणजे एफ८. स्नॅप चालू, एफ९. आयईसीच्या लायब्ररीत सिम्बॉल २.५ मिलिमीटरच्या ग्रिडवर बसतात, तेव्हा स्नॅप त्याच मापाचा किंवा त्याच्या पटीतला ठेवा, कुणीतरी मधेच १ किंवा ३ करून ठेवला की तिथून पुढची प्रत्येक वायर टर्मिनलपासून थोडी चुकते.

वायर कॉन्टॅक्टपर्यंत पोचत नसेल तर स्ट्रेच वायर घ्या, रेषेच्या टोकाजवळ क्लिक करा, ती पुढची वायर किंवा कंपोनंट मिळेपर्यंत वाढते. साध्या एक्स्टेंडने सिम्बॉलच्या आतल्या रेषेपर्यंत जाऊन घुसायची भीती असते. वायर सिम्बॉलला कुठे चिकटते हे सिम्बॉलच्या चित्रावरून ठरत नाही, आत एक्स-टर्म नावाचे न दिसणारे ॲट्रिब्यूट असतात, त्यांच्या जागेवरून ठरतं. त्यातल्या आकड्यावरून दिशा कळते, १ म्हणजे उजवीकडून येणारी वायर, २ वरून, ४ डावीकडून, ८ खालून. वायर बरोबर बिंदूवर आली पण भलत्या दिशेने आली तर ती जोडलेली दिसेल आणि नसेल. हे बिंदू बघायचे असतील तर वायर कमांड सुरू करून एक्स टाइप करा, सगळ्या कनेक्शन पॉइंटवर फुल्या दिसतात. नवीन माणसाने तर हे रोज करावं.

टोक आणि बिंदू यांत थोडी सूट असते, त्याला ट्रॅप डिस्टन्स म्हणतात, त्या अंतराच्या आत टोक असलं की सॉफ्टवेअर जोडलेलं धरतं. म्हणूनच एका ठिकाणी फट असून चालतं आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, आणि पोरं गोंधळतात. या सुटीवर विसंबू नका. फट दिसली की बुजवायची.

कोपरा जुळत नसेल, एक रेष पुढे गेली आणि एक मागे राहिली, तर फिलेट घ्या आणि दुसरी रेष उचलताना शिफ्ट दाबून ठेवा, रेडियस काहीही असो, चोख काटकोन मिळतो. वायर एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर न्यायची असेल तर बेंड वायर.

नको असलेला तुकडा काढायला ट्रिम वायर, साधं ट्रिम किंवा डिलीट नाही. ट्रिम वायरने तुकड्याबरोबर त्याचा जंक्शनचा डॉटही जातो. साध्या डिलीटने रेष जाते आणि डॉट तिथेच माशी बसल्यासारखा राहतो, आणि पुढच्या माणसाला वाटतं इथे काहीतरी जोडलेलं होतं.

रेष डोळ्यांना सरळ वाटते पण थोडी तिरकी आहे असंही असतं. क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये डेल्टा वाय बघा, आडव्या रेषेत तो ० हवा. ०.०३ दिसला तर ग्रिप ओढून सरळ करत बसू नका, काढून टाका आणि वायर कमांडने नवीन टाका, त्यात वेळ कमी जातो.

पायरी ६: क्रॉसिंग आणि टी

दोन वायरी नुसत्या एकमेकींना ओलांडतात तिथे कनेक्शन नाही. एकीचं टोक दुसरीवर येऊन थांबतं तिथे आहे, त्यालाच टी म्हणायचं. एवढं साधं आहे, पण शीटवर चार दिशांनी वायरी एका बिंदूत येतात आणि मधे डॉट असा चौफुला दिसला की तो मोडायचा, दोन टी करायचे, एक थोडा डावीकडे एक थोडा उजवीकडे. फोटोकॉपीवर डॉट पुसट झाला की चौफुला आणि क्रॉसिंग सारखंच दिसतं, टी मात्र डॉट नसला तरी टीच दिसतो.

क्रॉसिंगवर गॅप, लूप की सरळ रेष हे ड्रॉइंग प्रॉपर्टीजमधल्या वायरिंगमध्ये ठरतं. माझं मत विचाराल तर सरळ रेष ठेवा आणि टी नीट दाखवा. लूप जुन्या ड्रॉइंगांत छान दिसायचे, पण दहा वायरींच्या गर्दीत दहा टेकाडं आली की शीट वाचता येत नाही. तरी आधीच्या शीटवर गॅप असतील तर एक ध्यानात घ्या, गॅप म्हणजे खरंच दोन तुकडे असतात आणि हे दोन एकच वायर आहेत अशी नोंद त्या रेषांच्या पोटात लिहिलेली असते. तुम्ही क्रॉस करणारी वायर हलवली तर गॅप मागे तसाच उरतो, फुकटचा. तो डिलीट वायर गॅपने काढायचा. दोन टोकं लाइनने जोडून वरवर बुजवलात तर दिसायला ठीक, आत जुनी नोंद तशीच. आणि उलट, साध्या ब्रेकने पाडलेला गॅप हा गॅप नव्हेच, ती तुटलेली वायर.

पायरी ७: सिम्बॉल हलवताना, काढताना

तुटक्या वायरी येतात कुठून याचं उत्तर बहुतेक वेळा इथे आहे. कुणीतरी एक जास्तीचा कॉन्टॅक्ट काढला, साधं डिलीट बटण दाबून. सिम्बॉल गेला, वायरीत भोक राहिलं. डिलीट कंपोनंट वापरलं असतं तर वायर आपोआप सांधली गेली असती. तसंच मूव्ह. साध्या मूव्हने सिम्बॉल सरकतो आणि वायर तिथेच राहते, स्कूट वापरलं की सिम्बॉल वायरवरून सरकतो आणि वायर त्याच्याबरोबर जुळवून घेते. इन्सर्टचंही तेच, साध्या इन्सर्टने ब्लॉक टाकला की रेष तुटत नाही, सिम्बॉलच्या आरपार जाते, आणि मग त्या कंपोनंटला कनेक्शनच नाही असं रिपोर्ट सांगतो. कॉपीला कॉपी सर्किट.

थोडक्यात, इलेक्ट्रिकलच्या रिबनवर त्या कामाचं बटण असेल तर तेच दाबायचं, बोटांना साध्या ऑटोकॅडच्या एम, सीओ, ई ची सवय असते ती इथे मोडावी लागते, पहिला महिना हात अडखळतो, चालायचंच.

पायरी ८: तपासणी

रेषा झाल्या की आधी चेक-ट्रेस वायर. एक वायर क्लिक करा, एकेक तुकडा किंवा अख्खं नेटवर्क उजळून दिसतं. वरच्या डीओएलमध्ये १०४ वर क्लिक केलं की स्टार्टचं १४, होल्डिंगचं १४ आणि ए१ असं तीन ठिकाणी उजळलं पाहिजे, दोनच उजळलं तर फट आहे, स्टॉपपर्यंत उजळलं तर शॉर्ट आहे. प्रत्येक वायरवर हे करायला वेळ नसेल तर निदान इमर्जन्सी स्टॉप, इंटरलॉक आणि होल्डिंगच्या वायरींवर कराच. शिवाय शो वायर्स आहे, ते वायर लेअरवरच्या सगळ्या रेषा ठळक दाखवतं, जी रेष ठळक झाली नाही ती वायर नाहीच.

मग रिबिल्ड डेटाबेस, कारण साध्या कमांडने केलेले बदल प्रोजेक्टच्या डेटाबेसला लगेच कळतीलच असं नाही. मग इलेक्ट्रिकल ऑडिट. त्यात टॅब आहेत, वायरला कनेक्शन नाही, कंपोनंटला कनेक्शन नाही, डुप्लिकेट टॅग वगैरे. यादी मोठी आली म्हणून घाबरू नका, वायर नो-कनेक्शनपासून सुरू करा, ते संपलं की बाकीची यादी निम्मी झालेली असते. यादीतल्या ओळीवरून गो-टू दाबलं की थेट त्या जागेवर नेतं. स्पेअर म्हणून मुद्दाम सोडलेल्या वायरीही यात येणार, त्या ओळखून सोडून द्या.

नंबर टाका. आणि मग फ्रॉम-टू रिपोर्ट काढून एक्सेलमध्ये घ्या. एक टोक रिकामं असलेल्या ओळी आधी बघा. नंतर एकाच नंबरच्या खूप ओळी आल्यात का बघा, ०व्ही, २४व्ही, न्यूट्रल यांच्या येणारच, पण मधल्याच कुठल्या तरी कंट्रोल वायरला अचानक दहा कनेक्शन दिसली तर तिथे दोन नेटवर्क चिकटलीयेत असं समजून शीटवर जा.

शेवटी ए३ वर प्रिंट काढा आणि एक रंगीत पेन घेऊन सप्लायपासून रिटर्नपर्यंत बोटाने जा. स्क्रीनवर झूम करत बघताना सर्किटचा धागा सुटतो, कागदावर सुटत नाही, आणि शॉप फ्लोअरवर शेवटी कागदच जाणार आहे.

हे सगळं कधी करू नये

फाइल पीडीएफमधून इम्पोर्ट होऊन आली असेल तर वरच्या पायऱ्यांच्या नादी लागू नका. २०१७ पासून ऑटोकॅडमध्ये पीडीएफ इम्पोर्ट आहे आणि त्यातून रेषा मिळतात हे खरं, पण सिम्बॉलसुद्धा सुट्या रेषा होऊन येतात, अक्षरं कधी कधी रेषांची होतात, कनेक्शन पॉइंट कुठेच नसतात. अशी शीट साफ करायला जेवढा वेळ जातो त्याच्या निम्म्यात ती मागे फिकट ठेवून, लेअर लॉक करून, वर नवीन काढून होते. सीनियरना तसं सरळ सांगा, नाही म्हणत नाहीत.

आणि तुमच्याकडे ई-प्लॅन हे दुसरं सॉफ्टवेअर असेल तर तिथे मामला वेगळाच आहे, तिथे कनेक्शनची रेष तुम्ही काढत नाही, दोन सिम्बॉलचे कनेक्शन पॉइंट एका रेषेत समोरासमोर आले की ती आपोआप येते, त्यामुळे तिथे ओव्हरकिल नाही, झेड नाही, फट नाही. तिथली घाण म्हणजे नको तिथे आपोआप जोडलं जाणं आणि टी-नोडची दिशा चुकणं. नको असलेली रेष डिलीट होत नाही म्हणून पोरं वैतागतात, तिथे एक सिम्बॉल ग्रिडचा एक घर वर-खाली करायचा नाहीतर मधे ब्रेकिंग पॉइंट टाकायचा, की ती जाते.